कोपऱ्यातली कागदाची पट्टी

फुकट शिकवणारी ती शाळा आधी एका बंद पडलेल्या तबेल्यात भरायची. पोरी गव्हाणीवर पाट्या टेकवून लिहायच्या. मग एका बाईंनी जागा दिली, देणगी दिली आणि दोन खोल्या उभ्या राहिल्या. त्या बांधल्या मिस्त्रीबाबांनी. माणूस इतका काटेकोर, की भिंत सरळ आहे का बघायच्या वजनाच्या दोरीवरून लोकांनी नावच पाडलं ‘ओळंबा’. आणि बघा, घोळ घातला तो नेमका याच ओळंब्याने.

झालं असं, की पाया खणताना कोपऱ्यात जुनी विहीर लागली. दुसऱ्याच दिवशी देणगीदार बाई काम बघायला येणार होत्या. बाबांनी घाईघाईने दगडमाती टाकून विहीर बुजवली, वर भिंत चढवली. एका मजल्याला काही होत नाही, अशी स्वतःचीच समजूत घातली. कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

पुढे त्या कोपऱ्यात चीर पडली. गवंडी अशा चिरेवर कागदाची पट्टी आडवी चिकटवतात. पट्टी फाटली तर भिंत हलतेय, शाबूत राहिली तर काळजी नाही. बाबांनी तेच केलं. त्यांची लेक तोवर त्याच खोलीत शिकवायला लागली होती. तिला डबा द्यायच्या निमित्ताने ते महिन्यातून एकदा जायचे आणि हळूच पट्टी बघायचे. धड असायची. मग कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरायचा.

बारा वर्षं हे असंच चाललं. यंदा शाळेच्या मंडळाने वर मजला चढवायचं ठरवलं आणि बाबांची झोपच उडाली. बोलावं तर अब्रू जाणार. न बोलावं तर चाळीस पोरी आणि पोटची लेक त्या भिंतीखाली. शेवटी डबा द्यायला गेले तेव्हा वर्गातच त्यांनी लेकीला चाचरत विचारलं, “ती पट्टी कधी फाटली नाही ना गं?”

“ती होय? सारखी फाटते की,” लेक वह्या तपासत म्हणाली. “वारा येऊ नये म्हणून लावलीत ना तुम्ही? मी लावते परत नवी. या महिन्यात तीनदा लावली.”

बाबांनी वर्गाचं दार सताड उघडलं.

“पोरींना बाहेर काढ. दप्तरं राहू देत.”

“अहो, पण झालं काय?”

“या कोपऱ्याखाली विहीर आहे. मीच बुजवली. मंडळालाही आजच सांगतो.”

लेकीने पोरींना अंगणात नेलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग बापाकडे न बघताच म्हणाली, “सगळ्या आहेत.”