डबा कुटं हाय, अण्णा?

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं जमेल. घरचा डबा आल्याशिवाय म्हाताऱ्या पेशंटला सोडू नका, असं म्हणणाऱ्या एका बाईला मी वॉर्डातून हलवलं. आणि ज्या म्हाताऱ्याचा डबा आला नव्हता, त्याच्या नावापुढे 'सर्व ठीक' लिहिलं.

त्या बाई म्हणजे सोलापुरातल्या आमच्या दवाखान्यातल्या मावशी. पुरुषांच्या वॉर्डात आया होत्या. विणकराच्या घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. कुणी घरी जायला निघालं की उजवा हात पसरून त्या खाटेसमोर उभ्या राहायच्या. नवखा माणूस बक्षिसी समजून खिशात हात घालायचा.

"पैसं नको. डबा कुटं हाय, अण्णा?"

डबा म्हणजे गोळ्यांचा. तुमच्याही घरी असेलच, बिस्किटांचा नाहीतर मिठाईचा. त्यात अर्ध्या राहिलेल्या पट्ट्या, गुडघ्याचं मलम, शेजारणीनं दिलेली जुलाबाची गोळी. मावशी तो खाटेवर पालथा करायला लावायच्या आणि सिस्टरना हाक मारून बंद काय, चालू काय ते वेगळं करून घ्यायच्या. चालू पाकिटांना मागावरचा धागा बांधायच्या, सकाळला पांढरा, रात्रीला काळा. मग म्हणायच्या, "आता कुटली गोळी कवा घ्यायची, तुमी सांगा मला."

एका निवृत्त मास्तरांना राग आला. जन्मभर पोरांना शिकवलंय, म्हणाले.

"मग उत्तर येतंयच की," मावशी म्हणाल्या.

माझं काम वॉर्डाची व्यवस्था पाहण्याचं आणि म्हाताऱ्या पेशंटचं दवाखान्यातून घरी जाणं नीट होतं का, हे मोजण्याचं. डॉक्टरांनी सोडायला सांगितल्यापासून खाट रिकामी व्हायला किती वेळ लागला, हा माझ्या फॉर्मवरचा पहिला रकाना. आठवड्यानं फोन करून पाच प्रश्न विचारायचे, हे पुढचे पाच. मावशींमुळे माझा पहिला रकाना कायम बिघडायचा.

एका दुपारी सांगोल्याकडचे मेंढ्या राखणारे एक आजोबा सुटणार होते. डबा गावी राहिलेला. मावशींनी त्यांच्या मुलाला तो दुसऱ्या दिवशी एसटीनं मागवायला सांगितलं होतं. बाहेर दोन पेशंट खाटेसाठी थांबलेले. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मावशी, हा दवाखाना आहे, धर्मशाळा नाही."

"उद्या येतोय की डबा, साहेब."

मी आजोबांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मावशींना चादरींच्या खोलीत.

आठवड्यानं मी फोन केला. नंबर मुलाचा, आणि मुलगा तर पुण्यात नोकरीवर परतलेला. "बरं हाय की, साहेब," तो म्हणाला. मी पाचही रकान्यांत बरोबरची खूण केली आणि खाली 'सर्व ठीक' लिहिलं.

त्याच दुपारी मावशी माझ्या दारात आल्या, कानाला फोन लावूनच. आजोबा घरी जाण्याआधी त्यांनी गावातल्या सुनेचा नंबर घेऊन ठेवला होता आणि आत्ता तिला तो डबा उघडायला लावला होता. आम्ही दिलेली रक्तातली साखर कमी करायची गोळीच डब्यात दुसऱ्या कंपनीच्या नावानं होती. आजोबा नेमानं दोन्ही घेत होते. दोन दिवस त्यांना दरदरून घाम येत होता, हात थरथरत होते. घरच्यांना वाटलं, आजारपणाचा अशक्तपणा.

"साखरेचं पानी पाज आदी," मावशी सुनेला सांगत होत्या. मग फोन माझ्यापुढे धरला. "डॉक्टरांना द्या. पळा."

मी पळालो. डॉक्टरांनी फोनवरूनच आजोबांना सांगोल्यातल्या दवाखान्यात न्यायला लावलं. संध्याकाळी सुनेचा फोन आला, म्हातारा उठून बसलाय आणि भाकरी मागतोय. 

मावशी यातलं कुणाला काही बोलल्या नाहीत. मीही नाही. फॉर्मवर 'सर्व ठीक' तसंच राहिलं, आणि महिन्याच्या बैठकीत आमच्या वॉर्डाचं कौतुक झालं तेव्हा मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. लोकांना तो विनय वाटला.

पुढे आजोबा तपासणीला आले. चेहरा तुकतुकीत, मांडीवर दोन्ही हातांनी धरलेला बिस्किटांचा डबा.

"त्या बाई कुटं हायती? त्यास्नी दावायचाय."

मावशी आदल्याच आठवड्यात निवृत्त झाल्या होत्या. त्या दिवशी मी फॉर्म दुरुस्त केला आणि वरिष्ठांना खरं काय ते सांगितलं. आता फॉर्मची पहिली ओळ आहे, 'घरचा डबा पाहिला का?' आणि फोनवर मी पेशंटशीच बोलतो, मुलाशी नाही.

रविवारी मावशींच्या घरी गेलो. शेजारी माग खडखडत होता. आजोबा बरे आहेत, डबा घेऊन आले होते, हे ऐकून त्या खुदकन हसल्या. मग मी चहाच्या कपाकडे बघत, जे झालं त्याचं वाईट वाटतं, असं काहीतरी पुटपुटलो.

त्यांनी उजवा हात पुढे पसरला. "असं न्हाय, साहेब. काय झालं ते तुमी सांगा मला."

मी कप खाली ठेवला.

"मावशी, मला खाट रिकामी हवी होती. म्हणून डबा न बघता मी आजोबांना घालवलं. तुम्ही अडवलंत, तर तुम्हाला चारचौघांत बोललो आणि वॉर्डातून काढलं. त्यांच्याशी एक शब्द न बोलता सगळं ठीक लिहिलं. माझं चुकलं. मला माफ करा."