एजंटाचा पाट

ती घटना आजही आठवते, ती एका लाकडी पाटामुळे. तेव्हा मी पेण पोलीस ठाण्यात होतो. हमरापूरच्या एक मूर्तिकार बाई तक्रार अर्ज घेऊन आल्या. नवऱ्याच्या माघारी शाडूच्या गणपतींचा कारखाना त्या एकट्याच चालवत होत्या.

रोह्याच्या एका जाहिरात कंपनीच्या एजंटाने जाहिरातीचे फलक लावण्याच्या करारावर त्यांची सही घेतली होती. आठ दिवसांत लेखी कळवल्यास करार रद्द, असं त्यात कलम होतं. फलकावरचा मजकूर कळताच बाईंनी तिसऱ्या दिवशी पत्र एजंटाच्या हातात दिलं. तरीही धाटावच्या रस्त्यावर त्यांच्या नावाचे फलक लागले, ‘प्लास्टरच्या मोठ्या मूर्ती, स्वस्त दरात’. कंपनी म्हणे, पत्र मिळालंच नाही, करार तीन वर्षांचा.

"आम्ही प्लास्टरला हात पन लावत नाय, साहेब. फलक बघून लोकं पाट परत न्यायला लागलीत," असं म्हणून बाई रडू लागल्या.

आमच्याकडे गिऱ्हाईक घरचा पाट कारखान्यात आणून ठेवतं आणि मूर्ती त्यावरच बसते. पाट परत गेला की पिढ्यांचं गिऱ्हाईक तुटलं.

मी शहाणपणा पाजळला, "ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा." बाई डोळे पुसून उठल्या. मला स्वतःचीच लाज वाटली. ठाणे अंमलदाराला अर्ज नोंदवायला सांगितलं आणि एजंटाला बोलावणं धाडलं.

एजंट रोह्याजवळच्या वरसे गावचा, बोलायला गोड. जबाबात म्हणाला, "सही घेतल्यावर मी हमरापूरला फिरकलोच नाय. पत्र घेणार कुठून?"

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो. उरलेल्या पाटांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. बाईंचे हात मातीचे, म्हणून नाव, गाव आणि तारीख गिऱ्हाइकानेच लिहायची, ही तिथली रीत. एका चिठ्ठीवर एजंटाचं नाव होतं, गाव वरसे, आणि तारीख सहीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची!

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"पाट देवाचा हाय, साहेब. त्याला पोलिसांत कशाला ओढू?"

मी पाटाला हात लावला नाही. पंचांसमक्ष फक्त चिठ्ठी ताब्यात घेतली. ती समोर ठेवताच एजंटाने कबूल केलं. "अक्षर माझंच हाय. पाट ठेवायला गेलो तेव्हा त्यांनी पत्र दिलं. ऑफिसात दिलं असतं तर माझं कमिशन बुडालं असतं." आठवड्याभरात कंपनीने करार लेखी रद्द केला आणि फलक उतरले. काही पाट परत आले, काही आलेच नाहीत.

माणूस खोटं बोलताना कागद लपवतो, पण घरच्या सवयीने केलेली गोष्ट त्याच्या लक्षातही राहत नाही. पुढे प्रत्येक तपासात मी आधी ती शोधत गेलो. तक्रारदाराला दारातूनच वकिलाकडे पिटाळायचं नाही, हेही तिथेच शिकलो.

पुढच्या वर्षी मी माझ्या घरचा पाट घेऊन हमरापूरला गेलो. पोलीस असलो तरी चिठ्ठी मलाच लिहावी लागली. पाट ठेवायला जागा शोधली तर रांगेत एजंटाचा पाट होता, नव्या चिठ्ठीसह.

"याला परत घेतलंत?" मी विचारलं.

"त्याच्या घरी पन बाप्पा येतो ना?" बाई म्हणाल्या आणि माझा पाट त्याच्या शेजारी सरकवला.