येळवशीला भरलेली शाळा

आमच्या गावात आधी जगदेवीचा आवाज येतो, मग जगदेवी येते. त्यात तिचा दोष न्हाय. पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईनं हळू बोलावं तरी कसं? लग्न होऊन आली तवा लाजरी होती म्हणं. सासऱ्यानं गिरणी तिच्या हवाली केली आन् लाज पट्ट्यात अडकून गेली. आता गिरणी बंद असली तरी बाईचा आवाज खाली येत न्हाय. कुणाच्या घरी चार माणसं डोळे पुसत बसलेली असली आन् ही समाचाराला गेली, तर गेलेलं माणूस सुद्धा उठून "कोण आलंय गं?" म्हणावं असं तिचं बोलणं.

पण मनानं लोण्यावाणी. म्हाताऱ्या माणसाचं दळण ती स्वतः डोक्यावर घेऊन घरी पोचवती. माझं तर कायमचंच. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. घरात नवरा बलभीम, सासू गंगम्मा, आन् एकुलती एक पोरगी सोनाली. पोरगी तिसरीत. जगदेवी स्वतः चौथी शिकली, वर्गात पहिली आली, पण तिच्या माहेरच्या वस्तीवर शाळाच चौथीपर्यंत होती. पहिली आली आन् घरी बसली. माझी शाळा तर त्याच्याहून बारकी, दुसरीपर्यंत, ती बी म्हशी पाण्यावरून परत आल्यावर उरलेल्या येळात. त्यामुळं शाळेचं महत्त्व आमा दोघींना कुणी सांगायला लागत न्हाय.

आमची शाळा झेडपीची, दोन खोल्यांची. दोन मास्तर होते, त्यातल्या एक बाई कंत्राटावर. वरनं पैसा कमी झाला म्हणून गौरी-गणपतीच्या सुमाराला त्या बाईंना घरी बसवलं. उरले एकटे बुद्धघोष सर. तिकडं शेजारच्या गावात बी मास्तर न्हाय. मग भावाभावांत एक बैल वाटून घ्यावा तशी सरांची वाटणी झाली. सोमवार, मंगळवार, बुधवार आमच्याकडं, आन् राहिलेले दिवस तिकडं. सर भला माणूस. पण बैल कितीबी भला असला तरी एका येळी दोन शेतं नांगरत न्हाय.

पोरांना पहिला आठवडा दिवाळीच वाटली. विहिरीत डुंबून डुंबून पाणी गढूळ केलं. आयांना मात्र लवकरच घोर लागला. गिरणीवर दळणाला आल्या की तेच बोलणं.

"शाळा तीन दिस, आन् पोरं साती दिस माझ्या डोक्यावर," एक म्हणायची.

"माझा बुधवारी बाराच्या पाढ्यावर जातो, आन् सोमवारी पुन्हा दोनापासून निघतो," दुसरी म्हणायची.

"नळदुर्गच्या इंग्लिश शाळेची गाडी फाट्यावर येती म्हणं."

"येती की. पर ती काय देवीच्या भंडाऱ्यासारखी फुकट न्हाय, बाई!"

एवढ्यात बलभीमनं एक दिवस घरात काढलं, "हे असंच ऱ्हायलं तर संक्रांत झाली की सोनालीला सोलापूरला अक्काकडं ठिवू. तिथं शाळा रोज भरती."

तो काय वाईटावर न्हवता. बापच तो, पोरीच्या काळजीनं बोलला. पण त्या दिवशी गिरणी चालू असून जगदेवीचा आवाज आला न्हाय. मी भिंतीच्या अलीकडं ज्वारी निवडत होते. मला तवाच कळलं, हे हिला आत लागलंय.

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून, गावातल्या आठ-दहा आयांना घेऊन ती तालुक्याच्या हापिसात गेली. साहेब नवीन होते, रत्नागिरीकडचे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ऐकून घ्यावंच लागलं म्हणा, शेजारच्या तीन हापिसांना बी ऐकू गेलं असंल. ते म्हणाले, "बाई, कागदावर तुमच्या गावात मुलं कमी दिसतात. निम्मी खासगी शाळेत गेली असं लिहिलंय. मी स्वतः येऊन बघतो. मुलं दिसली तर शिक्षकाचं काहीतरी करता येईल. मोठ्या शाळेत एखादा जास्तीचा असतो."

आठवड्यानं त्यांचा फोन आला. गिरणी चालू होती, जगदेवीच्या केसावर पीठ, एका हातात कुणाचा तरी डबा. आमी सगळ्या रांगेत.

"शुक्रवारी? या की साहेब! कवा बी या! पोरं इथंच असत्यात, कुठं जात्यात!"

फोन ठेवून ती आमच्याकडं बघून हसली. "शुक्रवारी येतो म्हणाले. त्या दिवशी हापिसाला सुट्टी हाय म्हणून मोकळेच हायत."

दळणाच्या रांगेत सगळ्यांनी एकमेकींकडं बघितलं. मग गंगम्मा, जगदेवीची सासू, सावकाश म्हणाली, "सुट्टी का हाय, ते इचारलंस का?"

जगदेवीनं पट्टा बंद केला. "आई गं!" ती म्हणाली. "येळवस!"

आता जे आमच्या भागातले न्हायत त्यांना सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमची येळवस. त्या दिवशी कुणी गावात राहत न्हाय. बायका आदल्या दिवसापासून रांधतात. सगळ्या शेंगा-पाल्याची घट्ट भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, गव्हाची खीर, आन् मडकं भरून आंबट ताकातली आंबील. सकाळी ते डोक्यावर घेऊन घराला कुलूप. रानात कडब्याची कोप, म्हणजे बारकी झोपडी, केलेली असते, तीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आन् बसून जेवायचं. नुसतं आपणच न्हाय. बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. आन् बोलावलेल्यानं नको म्हणायचं न्हाय, म्हणलं तर शेताचा अपमान. गावात मागं उरतात ती कुत्री, आन् ती बी दुपारनंतर रानात येतात.

आन् अशा दिवशी साहेब गावात पोरं बघायला येणार!

"फोन करून पुढचा दिवस माग," बलभीम म्हणाला.

"पुढं ढकललेला साहेब आन् उतू गेलेलं दूध, दोन्ही परत येत न्हायत," गंगम्मा म्हणाली. हिनं उभ्या जन्मात हापीस बघितलं न्हाय, पण बोलली खरं.

जगदेवीनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. "पोरं रानात, तर शाळा बी रानात. समद्यांनी आपापल्या कोपीत पूजा करा, खावा, आन् मग मी बांधावरनं हाक देते. पोरं माझ्या रानात धाडा. सरांना मी जेवायला बोलावते. साहेब दुपारी येणार हायत."

साहेब सकाळीच आले.

माझे गुडघे चालू देत न्हायत, म्हणून नातू मला मागनं गाडीवर न्यायला येणार होता. मी ओट्यावर बसले होते. बघते तर एक सभ्य माणूस मोटरसायकल ढकलत, एकेका दाराचं कुलूप बघत येतोय. चेहरा असा, जसं काय गाव रातोरात पळून गेलंय.

"आजी, गाव कुठं गेलं?"

"रानात."

"सगळं?"

"मी ऱ्हायलेय की. तुमी शाळेचे साहेब का? लवकर आलात जी."

ते शाळेच्या बंद दाराकडं बघत म्हणाले, "म्हणजे कागदावर लिहिलंय ते खरंच. इथं मुलंच नाहीत."

मी मनात हिशेब केला. म्हणलं, आता हा माणूस असाच परत गेला तर सोनाली सोलापूरला गेली म्हणून समजा. मी काठी टेकून उठले आन् सरळ त्यांच्या गाडीच्या मागच्या शिटावर बसले.

"चला, पोरं दावते."

"अहो आजी..."

"हळू चालवा. माझी हाडं जुनी हायत."

आता रस्ता शेतांतून. पहिल्या बांधावरच हाक आली, "ओ पाव्हणं! जेवायला या!" साहेब म्हणाले, "नको, नको, घाई आहे." मी मागनं त्यांच्या खांद्यावर बोट टोचलं. "असं म्हणू नगा. उतरा." उतरले. भज्जी, उंडा, वाटीभर आंबील. दुसऱ्या शेतात तेच. "ही खीर घ्याच." तिसऱ्या शेतातल्या म्हाताऱ्यानं तर गाडीच्या पुढंच येऊन दोन्ही हात पसरले. कोकणातला माणूस, मासे-भात खाणारा. पण भज्जीची चव त्याला लागली बघा. चौथ्या बांधावर हाक आली तवा त्यांनी स्वतःहून गाडी थांबवली आन् मला विचारलं, "आजी, इथली आंबील कशी असते?"

जगदेवीच्या रानात पोचेस्तोवर त्यांच्या पँटीचं बटन घाईला आलं होतं. तिथं पुन्हा पंगत. बुद्धघोष सर आधीच येऊन बसलेले. साहेब दिसताच सर ताटावरून उठायला लागले, तर साहेबच म्हणाले, "बसा हो, आज सुट्टी आहे." आन् जगदेवीनं वाढलेली आंबील पिऊन झाल्यावर ते बाभळीला टेकले, "जरा दोन मिनिटं" म्हणाले, आन् झोपले.

आंबिलीचा तो गुणच हाय. आमची सवयीची माणसं सुद्धा आडवी होतात.

आता झाली का पंचाईत! साहेब घोरतायत, पोरं आपापल्या रानात, आन् हाक मारावी तर साहेब दचकून उठायचे. जगदेवी चपला काढून, अनवाणी, लांबच्या बांधापर्यंत पळत गेली आन् तिथनं तिनं एकच आरोळी दिली. "पोरांनोऽऽऽ!"

मी शपथेवर सांगते, पलीकडच्या शिवारातले बगळे उडाले. साहेब मात्र कूस बदलून झोपले. आन् चारी बाजूंनी पोरं निघाली. तुरीतून, हरभऱ्यातून, ज्वारीतून, कुणाच्या तोंडाला खीर, कुणाच्या हातात उंडा. सगळी धापा टाकत आली आन् जगदेवीनं तोंडावर बोट ठेवून सांगितलं, "गप बसा. वाचा." कुजबुजून. जगदेवी कुजबुजली! बलभीमनं माझ्याकडं बघितलं, मी बलभीमकडं. आमाला दोघांना बी वाटलं, हिला बरं न्हाय का काय.

सरांनी पिशवीतनं पुस्तकं काढली. पोरं कोपीच्या सावलीत बसली. सोनाली हळू आवाजात वाचायला लागली. चांगलं चाललं होतं. एका जागी आली आन् थांबली. मागनं दोघातिघांनी पुढचं हळूच सांगितलं, ते बी चूकच.

"का थांबलीस?"

साहेब डोळे उघडून बसले होते. कवापासून, कुणास ठाऊक.

सोनाली घाबरली न्हाय. आईची पोरगी. ती म्हणाली, "इथपर्यंत बुधवारी झालंय. पुढचं सोमवारी."

"मग सोमवारी पुढं जाता ना?"

"न्हाय. सोमवारपर्यंत मागचं इसरतं. मग सर पुन्हा पहिल्यापासून घेत्यात. मग बुधवारी पुन्हा इथंच येतं."

सरांनी मान खाली घातली. साहेबांनी ते बघितलं. उठून पोरं मोजली. पोरं एका जागी बसंनात म्हणून पुन्हा मोजली.

जगदेवी पुढं झाली. "साहेब, मी गिरणीवाली. अर्धं दळून सोडलेल्या ज्वारीची ना भाकर होती, ना ती पेरता येती. आमची पोरं तशी झाली हायत."

आवाज तिचा नेहमीचाच. साहेबांनी खिशातनं कागद काढून पोरांचा आकडा लिहिला.

"पैसे माझ्या हातात नाहीत, बाई," ते म्हणाले. "खोटं आश्वासन देणार नाही. पण माणूस हलवणं माझ्या हातात आहे. एका मोठ्या शाळेत एक शिक्षिका जास्तीच्या आहेत. त्यांना शेजारच्या गावाला देतो. तुमचे सर तुम्हाला. पूर्ण आठवडा."

"कवापासनं?"

"पुढच्या गुरुवारपासून."

"या गुरुवारचा तो गुरुवार व्हायचा न्हाय ना?" गंगम्मानं कोपीतनं विचारलं.

साहेब हसले. "आजी, तुमच्या शेतात जेवलोय. शेताचा अपमान करत नाही."

पोरांनी एवढा कालवा केला की पुस्तकं मिटली. बलभीमनं तिथंच फोन काढला आन् सोलापूरला अक्काला सांगितलं, "सोनाली येत न्हाय. भज्जी येती, डबा धाडतो." संध्याकाळी पेटलेली कडब्याची पेंढी घेऊन पोरं शेताभोवती पळाली, ही आमची रीत, तर साहेब बी चार पावलं पळाले. आंबिलीनं पोट हलत होतं तरी पळाले.

ते गेल्यावर जगदेवी माझ्याजवळ येऊन बसली. "मामी, तुमी त्येंच्या गाडीवर बसला नसता तर?"

"तर नातवाच्या गाडीवर बसले असते. त्याची गाडी लई उडती," मी म्हणलं.

गुरुवार आला. सकाळी गिरणीवर रांग होती, आन् दहाच्या सुमाराला जगदेवीनं मधेच पट्टा बंद केला. वरनं ओतलेली ज्वारी तशीच थांबली.

"अगं, लाईट गेली का?" एक म्हणाली.

"न्हाय. गप."

शाळेची घंटा झाली. गुरुवारची घंटा. जगदेवीनं ती पुरी ऐकून घेतली, मग पट्टा चालू केला, आन् आमच्या कानात वरडली, "हं, कुणाचं दळण पुढं?"

आता रोज दहाला गिरणी तेवढी थांबते. बाहेरगावचं कुणी दळायला आलं की विचारतं, मशीन बिघडलं काय. आमी सांगतो, न्हाय, आमच्या जगदेवीला थोडं ऐकायचं असतं. वरडायला सगळा दिवस पडलाय.