कपाटातला मुक्काम

सुताराला सगळी गल्ली 'डॉक्टर' म्हणायची. फळी विकत घ्यायची तर तो आधी तिला कान लावायचा, बोटाच्या पेराने टकटक करायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "किडकी!" तो लांबून येताना दिसला की वखारवाला चहा सांगायचा, तेवढाच वेळ टकटक बंद. आपल्या हातून किडक्या लाकडाची वस्तू कधी बाहेर गेली नाही, हे तो इतक्यांदा सांगे की बायकोने ऐकणं सोडून दिलं होतं.

मुलीच्या लग्नात त्याने स्वतः कपाट करून दिलं होतं. नातू चौथीत गेला आणि कपाटाच्या दाराला भोक पडलं.

"बाबा, खाली भुसा सांडलाय," मुलगी फोनवर म्हणाली.

"तुझ्या सासऱ्यांची ती जुनी खुर्ची आहे ना, तिच्यातून आला असणार किडा. जाळून टाका."

डॉक्टरने पेशंट न बघताच औषध दिलं.

सासरे केव्हाच वारले होते. त्यांच्या खुर्चीत विहीणबाई मांजरालाही बसू देत नसत. सुतार भोक बुजवायची लांबी आणि पॉलिश घेऊन पोचला, तेव्हा खुर्ची अंगणात उलटी पडली होती आणि विहीणबाई काडेपेटी घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"माझा हात होत नाही, व्याही. तुम्हीच लावा काडी."

"लावतो. आधी भोक बघू द्या."

भोक लांबट होतं. कडा अशा साफ, की सुताराच्याच पटाशीने पाडल्यासारखं. मुलीने काचेच्या ग्लासाखाली पाहुणा झाकून ठेवला होता: हिरवाकंच, चकचकीत, पाठ अशी टणक की ग्लास जरा उचलून नख मारलं तर खट् वाजली. सोनकिडा.

सुताराने लांबी आणि पॉलिश खाली ठेवलं. सोनकिडा पॉलिश केलेल्या लाकडाकडे ढुंकून बघत नाही. मादीला हवी साल. मरायला टेकलेल्या नाहीतर नुकत्याच पडलेल्या झाडाची. तिच्या भेगेत ती अंडं घालते. चपट्या डोक्याची अळी आत शिरते आणि भुसा मागे ठासत पुढे सरकते, म्हणून वाजवलं तरी लाकूड पोकळ लागत नाही. झाडाची फळी झाली, फळीचं कपाट झालं, तरी तिला कुणी कळवत नाही. सुक्या लाकडात पोट भरत नाही, त्यामुळे दोन वर्षांचं बालपण दहा-पंधरा वर्षं रेंगाळतं. मग पंख फुटतात आणि ती दार न उघडताच बाहेर येते. सुतार हे सगळं लोकांना रंगवून सांगत आला होता, दुसऱ्या सुतारांच्या कपाटांबद्दल.

"लावताय ना?" विहीणबाईंनी विचारलं.

त्याने काडेपेटी खिशात घातली. "खुर्ची आत घ्या. किडा माझ्या फळीतच होता."

"पण तुम्ही तर वाजवून घेता म्हणे!"

"घेतली होती."

"कान लावून?"

"लावून."

विहीणबाई पायरीवर बसल्या. ग्लासातल्या किड्याकडे त्यांनी बोट केलं.

"सूनबाईची कायम तक्रार, माहेरचं कुणी चार दिवस राहायला येत नाही म्हणून. हा तर लग्नापासून मुक्कामाला आहे!"

मुलगी तोंडाला पदर लावून आत पळाली.

खुर्ची सुतारानेच उचलून आत नेली, पुसली, जागेवर ठेवली.

"आता बसा तिच्यात," विहीणबाई म्हणाल्या.

तो अंग चोरून बसला. सवयीने बोट खुर्चीच्या हाताकडे गेलं आणि लाकडाच्या जरा वर थबकलं.

"वाजवा, वाजवा," विहीणबाई चहा ओतत म्हणाल्या, "तुम्हाला कुठे काही कळतंय!"