टाकीची चौकट

वीरप्पा कर्नाटकातल्या आळंदकडून आमच्या गावात आला, तवा त्याला धड मराठी बोलता येत नव्हतं. पोरं 'कानडी आप्पा' म्हणून चिडवायची. त्याच आप्पानं पुढं मराठीत साप्ताहिक काढलं, आता बोला! मुरुम गावच्या छापखान्यातनं छापून आणायचा अन् सायकलवर वाटायचा. पयली प्रत माझ्या हॉटेलात यायची.

गावच्या पाण्याच्या टाकीला तडे गेले, तवा त्यानं पहिल्या पानावर चौकट टाकली. 'टाकी धोक्याची आहे. खाली कुणी बसू नये.' दर अंकात तीच चौकट. माझी थोरली बहीण हरणाबाई टाकीच्या सावलीत भाजी विकायची. तिला वाचता येत नव्हतं. म्या चौकट वाचून दाखवली, तशी तिनं पाटी उचलली अन् उन्हात जाऊन बसली. अंक आला की पयलं इचारायची, "चौकट हाय का रं?"

त्याच टाकीच्या जोरावर आप्पा सरपंच झाला. लोकांनी डोक्यावर घेतलं. मग एक दिवस तालुक्याचा पुढारी माझ्याच हॉटेलात त्याला म्हणाला, "परमुलखातून आलेल्याला आम्ही खुर्चीवर बसवलं, अन् तू टाकी बांधणाऱ्या आमच्याच कंत्राटदाराची अब्रू काढतो व्हय?" आप्पाचं तोंड एवढंसं झालं. उभा जन्म या गावात गेला, पण 'परमुलखातला' म्हटलं की गडी पार खचायचा.

पुढच्या अंकात चौकट न्हाय. त्या जागी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फोटो.

"चौकट हाय का रं?" अक्कानं इचारलं.

"न्हाय."

"मग झाली आसंल दुरुस्ती. आपलाच आप्पा सरपंच हाय की!"

सगळ्या गावानं तसंच धरलं. अक्का पाटी घेऊन परत सावलीला गेली.

टाकी भर बाजाराच्या दिवशी कोसळली. अक्का जागीच गेली. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

तिसऱ्या दिवशी आप्पा दारात आला. डोळे सुजलेले. अक्काच्या लेकीला, शिवकन्याला म्हणाला, "पोरी, आईचा एक फोटो दे. पहिल्या पानावर श्रद्धांजली छापतो."

शिवकन्या रडली न्हाय. "फोटो नगं, आप्पा. चौकट का काढली, तेवढं छापा."

आप्पा उंबऱ्यावरनंच माघारी फिरला.

तवापासून साप्ताहिक बंद हाय. सरपंचकी चालूच हाय.