मागच्या खोलीतला पेन्शनर

लाँड्रीवाल्याला डाग दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. गिऱ्हाईक आपलं काही सुखदुःख सांगत उभं असायचं आणि याची नजर त्याच्या कॉलरवर. पस्तीस वर्षं याच धंद्यात गेली म्हटल्यावर दुसरं काय होणार! दुकानाच्या मागे दोन खोल्या होत्या. पहिलीत तो राहायचा आणि त्याची मांजर. मांजरीचं नाव बाईसाहेब, आणि ते उगाच पडलेलं नव्हतं. इस्त्रीच्या टेबलाखालची उबदार फळी तिची, खिडकी तिची, आणि खरं सांगायचं तर लाँड्रीवालाही तिचाच. लग्न त्याने केलं नाही. बायकोलासुद्धा मी रोज धुऊन वाळत घातलं असतं, असं तो स्वतःच म्हणायचा. लोक हसायचे. पण त्यात खोटं फारसं नव्हतं.

त्याला एक थोरली बहीण होती. टेलिफोन खात्यात तिची उभी हयात गेली. आईवडील लवकर गेले, तेव्हा याला तिनेच वाढवलं, आणि दुकान नवं होतं तेव्हा ड्यूटी संपवून रोज संध्याकाळी इथे येऊन कपड्यांना चिठ्ठ्या लावत बसायची तीही तीच. पुढे तिचे गुडघे गेले. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली, जिना चढताना जीव मेटाकुटीला यायचा. एक दिवस तिने याला सहज विचारावं तसं विचारलं, "तुझ्याकडे येऊ का रे राहायला?"

आणि हा म्हणाला, "ताई, मागची खोली गठ्ठ्यांनी भरलीय गं. पाय ठेवायला जागा नाही."

गठ्ठे होते, नाही कशाला म्हणा. लोक कपडे टाकून जातात आणि न्यायला येतच नाहीत, असे वर्षानुवर्षांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. पण खरं कारण ते नव्हतं. ताईचं तेलाचं भांडं, तिचा रेडिओ, तिच्या बोक्याचे केस, हे सगळं आपल्या पांढऱ्याशुभ्र घरात याला नको होतं. ताईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. महिन्याभरात ती वृद्धाश्रमात गेली. तिथे बोका चालणार नव्हता. जाताना तिने तो याच्या हातात दिला. याला तरी ठेव, एवढंच म्हणाली. त्याला नाही म्हणायला याला तोंड कुठे उरलं होतं?

बोका सात वर्षांचा, अंगाने दांडगा, स्वभावाने भित्रा. ताईच्या निवृत्तीच्या वर्षी आला म्हणून नाव पेन्शनर.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी याला समोर बसवून सगळं समजावलं. दोन मोठी मांजरं एकदम समोरासमोर आणायची नाहीत. नव्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं, दार बंद. दोघांच्या अंगाखाली एकेक फडकं घालायचं आणि दोन दिवसांनी याचं त्याला, त्याचं याला. मग दाराच्या दोन बाजूंना जेवण. मग दार बोटभर उघडायचं. घाई करायची नाही.

वेगळी खोली म्हणजे मागचीच. सकाळचा चहा पिऊन त्याने गठ्ठे हलवायला घेतले. निम्मे माळ्यावर टाकले, निम्मे एका संस्थेचे लोक टेम्पोतून घेऊन गेले. दुपारी जेवणाच्या वेळेला खोली मोकळी. झाडू हातात धरून तो स्टुलावर बसला आणि बघतच राहिला. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. खाट आरामात मावली असती. खाटेशेजारी खुर्ची, कोपऱ्यात रेडिओ, आणि जिना तर नव्हताच. अर्ध्या दिवसाचं काम! ज्या कामासाठी आपण सख्ख्या बहिणीला नाही म्हटलं ते आपण एका बोक्यासाठी दुपारच्या आत उरकलं, या विचाराने त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरचं ताट त्याने तसंच झाकून ठेवलं.

तेव्हाच ताईकडे धावायचं सोडून या शहाण्याने काय ठरवलं? तर ताईने आपली खोली सोडली, सामान वाटून टाकलं, आता बोलून काय उपयोग. बोका मात्र इथे रुळलाच पाहिजे, आणि तो कुठल्या खोलीत आहे हे ताईला कधीच कळता कामा नये. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवतो का, झोपतो कुठे? हा म्हणायचा, मजेत आहे, इथेच घरात झोपतो. आणि विषय बदलायचा.

फडक्यांचं काम त्याने अगदी मन लावून केलं. दोन दिवसांनी पेन्शनरच्या अंगाखालचं फडकं काढलं. केस, लाळ, एक पिवळट डाग. ते त्याने कडक पाण्यात धुतलं, नीळ दिली, इस्त्री करून चार घड्या घातल्या आणि बाईसाहेबांच्या फळीवर नेऊन ठेवलं. बाईसाहेबांचं फडकं तसंच धुऊन बोक्याकडे. पेन्शनरबरोबर ताईने तिची एक जुनी चादर दिली होती, तीही त्याने धुऊन टाकली. बोका त्या दिवशी खूप ओरडला, तेव्हा याला वाटलं, भूक लागली असेल. पंधरा दिवस असं चाललं. बाईसाहेब फडक्यावर बसायच्या, गुरगुरायचं नाव नाही. हा खूश! म्हणाला, जमलं. आणि दार सताड उघडलं.

पुढे जे झालं ते विचारू नका. बाईसाहेबांनी शेपटी फुगवली ती बाटली घासायच्या ब्रशाएवढी. पेन्शनरचा कान फाटला, तो कपाटामागे घुसला तो बाहेर यायला तयार होईना. आणि बाईसाहेबांनी निषेध म्हणून एका वकिलाच्या धुऊन ठेवलेल्या कोटावर लघवी केली.

फाटका कान घेऊन तो डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि सगळं इमानदारीत सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"काका, वास कळावा म्हणून फडकी बदलायची होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांची एकमेकांशी नाही, साबणाशी ओळख करून दिलीत."

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी त्याचे हाल बघायला हवे होते. केसाळ, कुबट वासाचं फडकं तो चिमटीत धरून फळीवर ठेवायचा आणि हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. बाईसाहेब फिस्कारायच्या. तो म्हणायचा, घ्या वास, सवय करा, मीही करतोय. आठवडे गेले. जेवणाच्या ताटल्या दाराजवळ सरकल्या. दार बोटभर उघडलं, मग वीतभर. तीन महिने होत आले तेव्हा एका सकाळी पेन्शनर पुढच्या खोलीत आला, बाईसाहेबांनी त्याचा बरा झालेला कान हुंगला, नखं आत ठेवून एक चापट दिली आणि हातभर अंतरावर झोपून गेल्या.

याचा आनंद गगनात मावेना. दुकान बंद करून तो तडक बस पकडून ताईकडे गेला. तिच्या खाटेवर बसून त्याने सगळं हातवारे करून सांगितलं, नीळ, इस्त्री, वकिलाचा कोट, काहीही बाकी ठेवलं नाही. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसता पुसता तिने विचारलं,

"हे दार कुठलं रे?"

"मागच्या खोलीचं," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं.

"आणि गठ्ठे?"

"हलवले."

"किती दिवस लागले?"

थाप मारता आली असती. पण आता त्याला थापांचा वीट आला होता. "दुपारपर्यंत झालं," तो म्हणाला.

ताईने नुसती मान हलवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग त्यानेच सगळं ओकून टाकलं, की गठ्ठ्यांचं निमित्त होतं, माझं घर मळेल म्हणून मी घाबरलो, माझं चुकलं ताई, चल, आजच्या आज घरी चल. बोलताना त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेजारच्या खाटेवर एक आजी झोपल्या होत्या. त्यांना दिसत नाही, ती हळू आवाजात म्हणाली, मीच त्यांना जेवण भरवते, माझ्याशिवाय त्या घास घेत नाहीत. आता कुठे येऊ?

"मला घरी ने म्हणून आधी सांगायचं होतंस गं," तो म्हणाला. "एक शब्द जरी बोलली असतीस."

"पहिला महिनाभर मी बॅग रिकामी केली नव्हती, धाकट्या," ताई म्हणाली. "कपडे तिच्यातूनच काढायची आणि तिच्यातच ठेवायची. म्हटलं, तू येशील."

"मग?"

"मग कपाटात लावले."