आरवणारी काबरी आणि आक्का

गल्लीत कोणाच्या घरी कोंबडी कापली की थोड्या वेळात आक्का तिथे हजर. त्या मटण खात नसत, अंडंही नाही. त्यांना फक्त कोंबडीचं पोट बघायचं असे. "आतडी फेकू नका वं, माले देखू द्या," म्हणत त्या चुलीपाशी बसकण मारत आणि पिवळ्या बलकांचा घड बोटांनी हलकेच वेगळा करत. लहानमोठ्या द्राक्षांसारखा तो घड मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवला. हे उद्याचं अंडं, हे परवाचं, असं बोट ठेवून. मला आधी शिसारी आली, मग मीच पुढे सरकले.

भडगावला शाळेत नोकरी लागली तेव्हा आम्ही नवराबायको आक्कांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आक्का विधवा, मूलबाळ नाही. पुढच्या घरात त्यांचे दीर नाना आणि त्यांचं खटलं. परस मात्र आक्कांचं आणि त्यांच्या कोंबड्यांचं. एखादी कोंबडी शेपूट पाडून कोपऱ्यात बसली की त्या ओळखत, अंडं अडलंय. मग तिला कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवून तिच्याशी गप्पा मारत. कधी अंडं येई, कधी कोंबडी जाई. गेली की आक्का विळी घेऊन बसत. "का अडनं ते समजाले नको का?" हे त्यांचं ठरलेलं. पोट उघडूनही नाही कळलं, तर "नही समजनं" असं तितक्याच मोकळेपणी सांगत.

काबरी ही त्यांची लाडकी, ठिपक्यांची. आधी तिची अंडी बिनकवचाची, मऊ पिशवीसारखी पडू लागली. मग बंदच झाली. आणि एका सकाळी ती उकिरड्यावर चढली, मान ताणली आणि चक्क कोंबड्यासारखी आरवली.

कोंबडीने आरवणं म्हणजे अपशकुन. अशी कोंबडी त्याच दिवशी कापतात. त्यातून मला दिवस गेलेले. नाना तरातरा परसात आले.

"वहिनी, भाडेकरू बाई पोटुशी शे. हाई कोंबडी घरमा नको. कापी टाका."

"जित्ती ऱ्हाऊ द्या, नाना. तिना तुरा वाढी ऱ्हायना, तंगड्यासले कोंबडासारखा काटा फुटी ऱ्हायनात. पुढे काय व्हस ते माले देखनं शे."

"आन् बाईना पोरले काही व्हयनं त?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचा हक्क आपल्याला नाही, असं आक्कांना वाटलं असावं. त्या माझ्याकडे बघू लागल्या. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण पुढे काय होतं ते मलाही बघायचं होतं. मी म्हटलं, "नाना, राहू द्या तिला."

काबरी राहिली. रोज पहाटे ती आरवे आणि मी अंथरुणात पोटावर हात ठेवून ऐके. ओटी भरायला बायका जमल्या तेव्हा आक्का आपणहून परसात जाऊन बसल्या; मी हाका मारल्या तरी आल्या नाहीत. आई बाळंतपणाला भडगावलाच आली. मुलगी झाली, चांगली धडधाकट. नाना तिला बघून गेले आणि जाताना काबरीकडे पाहून नुसतेच खाकरले. आक्कांनी मुलीला उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात काबरी मेली. आक्कांनी मला हाक मारली. पोट उघडलं, तर बलकांच्या घडाच्या जागी मनुकेएवढी सुकलेली, कडक गाठ होती. आक्कांनी त्या गाठीवर बोट ठेवलं.

"तिना काय दोष व्हता, पोरी? आतमाच सुकी गयतं."

मग हात धुता धुता, अगदी सहज म्हणाल्या, "मन्हा पोटमा काय व्हतं, ते कोनीच देखं नही. नुसतं नाव ठेवं."

मी घरात गेले, मुलीला उचलून आणलं आणि त्यांच्या ओल्या हातांत दिलं. घे परत, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी घेतलं नाही.